वंशावळीतली रिकामी जागा: मॉरिशसला आलेल्या पहिल्या मराठी बाईचा माग कसा काढायचा

आजच्या भागासाठी एक कागद आणि पेन्सिल जवळ ठेवा.

कागदाच्या डाव्या बाजूला वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा यांची नावं लिहा. उजव्या बाजूला आई, आजी, पणजी आणि खापरपणजी. त्यांची सासरची नावं नकोत, माहेरची हवीत, गावासकट. डावी बाजू बहुतेकांची भरते. उजव्या बाजूला आजीपर्यंत गाडी नीट चालते, पणजीशी अडखळते, आणि पुढे कागद कोरा राहतो.

आपल्यापैकी जे स्वतःच विमानाने परदेशात आले, त्यांच्यासाठी ही कोरी जागा फार तर हुरहुर लावणारी असेल. पण ज्यांचे पूर्वज दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी जहाजाने गेले, त्यांच्या घराण्याचा अर्धा उगमच त्या कोऱ्या जागेत असतो. म्हणून आज आपण मॉरिशसकडे पाहणार आहोत. तिथल्या मराठी घरांतून 'आमचा मूळ पुरुष अमुक साली आला' हे अभिमानाने सांगितलं जातं. त्याच्याबरोबर, त्याच्या आधी किंवा त्याच्या मागून आलेली मूळ बाई कोण, हे मात्र क्वचितच कोणाला माहीत असतं. तिला शोधता येतं का? बऱ्याचदा येतं. पण तिला शोधायची वाट पुरुषाला शोधण्याच्या वाटेपेक्षा वेगळी आहे, आणि तेच आज समजावून घ्यायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाचं जहाज करारबद्ध भारतीय मजुरांना घेऊन पोर्ट लुईला लागलं. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १ फेब्रुवारी १८३५ला, मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांहून अधिक भारतीय या बेटावर उतरले. कलकत्ता आणि मद्रास ही मोठी बंदरं. मुंबईतून गेलेले त्या मानाने थोडे. पण मुंबईहून निघालेल्यांत कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची माणसं बरीच होती, आणि घाटावरचीही होती. आजच्या मराठी मॉरिशसवासीयांचे पूर्वज ते हेच. १८४९ पासून ही सगळी माणसं पोर्ट लुईच्या ज्या आवारात नोंदवली गेली, ते आवार म्हणजे आजचं आप्रवासी घाट. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

सुरुवातीच्या जहाजांवर बायका अगदी थोड्या होत्या. पुढे सरकारने पुरुषांच्या प्रमाणात बायकांची किमान संख्या ठरवून दिली, आणि नवऱ्याबरोबर, आईबापांबरोबर, मुलांना घेऊन, तर काही वेळा एकट्या बायकाही येऊ लागल्या.

मग त्या वंशावळीतून गेल्या कुठे? याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण नावाचं. मॉरिशसमध्ये आडनाव म्हणून बहुतेक वेळा मूळ पुरुषाचं पाळण्यातलं नावच चालू लागलं. समजा, रामजी नावाचा माणूस आला, तर त्याच्या मुलानातवंडांचं आडनाव रामजी. म्हणजे त्याचं नाव दर पिढीला आपोआप जपलं गेलं. तिचं नाव जपायला अशी कुठलीच सोय नव्हती. त्यात आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. माहेरची गंगा सासरी रखमा झाली, तर आगबोटीच्या कारकुनाला तिने कोणतं नाव सांगितलं असेल? बाप म्हणून कोणाचं सांगितलं, आणि नवऱ्याचं नाव ओठावर न आणणाऱ्या बाईने ते विचारल्यावर काय केलं असेल? शोध घेताना हे प्रश्न डोक्यात ठेवावे लागतात.

दुसरं कारण लग्नाच्या कायद्याचं. केवळ धार्मिक विधीने झालेलं लग्न तिथल्या सरकारच्या लेखी लग्न नव्हतं. ते नागरी नोंदणी कचेरीत नोंदवावं लागे. अनेकांनी मांडव घातला, अक्षता पडल्या, समाजाने मान्य केलं, पण कचेरीत कोणी गेलं नाही. त्यामुळे कित्येक ठिकाणी लग्नाचा दाखलाच नसतो, आणि मुलाच्या जन्मनोंदीत बापाऐवजी आईचंच नाव ठळक असतं. घरच्यांना हे वाचून धक्का बसतो. पण शोधणाऱ्याच्या दृष्टीने हा लाभच आहे, कारण जिथे बाप गळला तिथे आई लिहिली गेली.

तिसरं कारण कामाचं. मॉरिशसला गेलेल्या बहुतेक बायकांवर मळ्याचा करार नव्हता. करार नाही म्हणजे कराराचे कागद नाहीत, हजेरी नाही, मालक बदलल्याची नोंद नाही. त्या राबत नव्हत्या असा याचा अर्थ नाही. घर, गुरं, भाजीचा वाफा, मळ्यावरची हंगामी मजुरी, सगळं होतंच. फक्त ते लिहून ठेवायचं कोणाला कारण नव्हतं.

आता आशेची बाजू. माझा व्यवसाय संगणक सल्लागाराचा आहे. दोन कंपन्यांच्या ग्राहकयाद्या एकत्र करायच्या असतात, तेव्हा आमचा पहिला नियम असा की जोडणी नावावर करायची नाही, क्रमांकावर करायची. नावं बदलतात, चुकीची लिहिली जातात, एकाच नावाची पन्नास माणसं निघतात. क्रमांक मात्र एकाचा एकच. मॉरिशसच्या वसाहत सरकारनेही उतरलेल्या प्रत्येक माणसाला असा क्रमांक दिला होता, आणि तो बाईलाही स्वतंत्र होता. कुटुंबाने तिला 'रामजीची बायको' म्हणून विसरून टाकलं, तरी दप्तराने तिला एक वेगळी व्यक्ती म्हणून मोजलं. हेतू माणसांवर नजर ठेवण्याचा होता, प्रेमाचा नव्हता. पण त्याच मोजणीमुळे आज ती सापडू शकते. तेव्हा आपला सगळा शोध आडनावाचा नाही, तर तिच्या क्रमांकाचा आहे.

आता पायऱ्या पाहू.

पहिली पायरी घरातली. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईशी बोला, आणि बापयांच्या गोष्टी सांगणाऱ्या काकांना जरा बाजूला बसवा. 'आपली मूळ बाई कोण' असा प्रश्न विचारला तर उत्तर येणार नाही. त्याऐवजी विचारा: तुमच्या आजीला सगळे काय हाक मारायचे? तिच्या माहेरचं कोणी यायचं का? ती कोणत्या मळ्यावर राहिली? कुलदैवत कोणतं? गोंधळात कोणकोणत्या गावच्या देवांना बोलावणं होतं? गोंधळ आणि झाकरी या दोन्ही गोष्टी मॉरिशसच्या मराठी घरांनी जपल्या आहेत, आणि आवाहनात गावांची नावं येतात. एका देवाला अनेक घराणी मानतात, त्यामुळे एवढ्यावरून गाव ठरत नाही. पण पुढे कागदात एखादं गाव सापडलं, तर त्याला दुजोरा मिळू शकतो.

दुसरी पायरी नागरी नोंदणीची. इथे उलटं चालायचं. स्वतःच्या जन्मदाखल्यापासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जायचं, आणि प्रत्येक पिढीला आईची बाजू धरायची. जन्म, लग्न आणि मृत्यू हे तिन्ही दाखले काढायचे. मृत्यूचा दाखला सोडू नका. आगबोटीने आलेल्या माणसाच्या नोंदीत, लग्नाच्या असो वा मृत्यूच्या, त्याचा आप्रवासी क्रमांक अनेकदा लिहिलेला असतो. बेटावर जन्मलेल्यांना असा क्रमांक नव्हता. म्हणून ज्या बाईच्या नोंदीत क्रमांक दिसला, तिच्याशी थांबायचं. समुद्र ओलांडून आलेली तीच.

तिसरी पायरी मोका गावातली महात्मा गांधी संस्था. भारतीय आप्रवाशांची मूळ दप्तरं या संस्थेच्या अभिलेखागारात आहेत. क्रमांकावरून तिथल्या नोंदवहीत तिची ओळ सापडते. त्या ओळीत साधारणपणे नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरच्या खुणा, गाव-जिल्हा, जहाज आणि उतरल्याची तारीख अशी माहिती मिळते. सगळे रकाने भरलेले असतीलच असं नाही. १८६० च्या दशकापासून आप्रवाशांची छायाचित्रंही घेतली जाऊ लागली. बायकांची त्या मानाने कमी आहेत, पण आहेत. विचारायला विसरू नका.

इथे स्पेलिंगची अडचण येते, तेव्हा त्याची युक्ती सांगतो. कारकुनाने नाव कानाने ऐकून लिहिलं, आणि बेटावर इंग्रजी व फ्रेंच अशा दोन्ही वळणांचा वापर होता. इंग्रजी वळणाचा कारकून 'ऊ' साठी दोनदा 'ओ' लिही, फ्रेंच वळणाचा 'ओ-यू' लिही. फ्रेंच कानाला 'ह' ऐकूच येत नाही, म्हणून तो गळतो. 'ज' च्या आधी 'डी' लागतो, 'च' च्या आधी 'टी'. आपला 'ळ' तर कोणालाच लिहिता येत नाही; साळू ही सालू होते, नाहीतर सारू. शेवटचं 'बाई' कधी नावाला चिकटतं, कधी नाहीसं होतं. म्हणून शोधायला जाण्याआधी तिच्या नावाची होतील तितकी रूपं कागदावर लिहून काढा. मोठ्याने उच्चारून पाहा, मराठी न कळणाऱ्या मित्राला ऐकवा आणि त्याला लिहायला सांगा. त्याचं लिखाण पाहून हसू येईल, पण ते त्या कारकुनाच्या लिखाणाच्या फार जवळचं असेल.

चौथी पायरी: तिची एकच ओळ वाचून थांबू नका, तिच्या जहाजाची सगळी यादी वाचा. एका गावची, एका वाडीची माणसं पुष्कळदा एकत्र निघत. तिच्या नोंदीत गाव वाचता येत नसेल, तर त्याच जिल्ह्यातून आलेल्या दुसऱ्या कोणाच्या नोंदीत तेच गाव स्वच्छ अक्षरात असू शकतं. त्याच यादीत तिच्या बापाचं, भावाचं किंवा लहान मुलाचं नावही सापडू शकतं. जो नवरा म्हणून आपल्याला माहीत आहे तो त्या जहाजावर नसेल, तर दोघांची गाठ बेटावर पडली, की तो आधी येऊन तिला बोलावून घेतली, हा पुढचा प्रश्न. दोघांच्या तारखा शेजारी ठेवल्या की बरंचसं उत्तर मिळतं.

पाचवी पायरी जमिनीची. १८७० नंतरच्या काळात मळेवाल्यांनी आपल्या जमिनींचे तुकडे पाडून विकायला सुरुवात केली आणि भारतीय कुटुंबांनी साठवलेल्या पैशांतून ते घेतले. हे व्यवहार नोटरीपुढे होत. खरेदीखतात घेणाऱ्याचं नाव, वास्तव्य, नातं असं बरंच काही येतं, आणि घेणाऱ्यांत बायकाही होत्या. करारात जिचं नाव कधीच नव्हतं, ती खरेदीखतात स्वतःच्या नावाने भेटू शकते. शिवाय संरक्षक अधिकाऱ्याकडे केलेले अर्ज आणि जबान्याही आहेत. इतिहासकार मरीना कार्टर यांनी अशा कागदांमधून बायकांचे स्वतःचे शब्द गोळा करून १९९४ मध्ये 'लक्ष्मीज लेगसी' हे पुस्तक काढलं. शोध सुरू करण्याआधी ते जरूर वाचा. कोणत्या प्रकारच्या कागदात बाई बोलते, हे त्यातून कळतं.

सहावी पायरी समुद्राच्या अलीकडची. नोंदीत 'रत्नागिरी' असेल, तर आजच्या नकाशावर फसू नका. आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता, म्हणजे तिचं गाव मालवण-वेंगुर्ल्याकडचंही असू शकतं. सावंतवाडी तेव्हा वेगळं संस्थान होतं. 'कुलाबा' म्हणजे आजचा रायगड. एकाच नावाची गावं दोन-तीन तालुक्यांत असतात, त्यामुळे गावाच्या नावाबरोबर बंदर, कुलदैवत आणि सहप्रवाशांची गावं जुळतात का ते पाहा. मुंबई सरकारची जुनी दप्तरं मुंबईत, काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात आहेत. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहता येतील, पण त्या पुरुषांच्या वंशाने चालतात. तिथे तिच्या भावाच्या घराण्याची नोंद शोधायची, तिची नाही.

हे सगळं करूनही कागद कुठे थांबतो, ते मॉरिशसबाहेरच्या एका उदाहरणाने सांगतो. गायत्रा बहादूर या गयानात जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या पत्रकार. त्यांनी आपल्या पणजीचा, सुजारियाचा, शोध घेतला. सुजारिया १९०३ मध्ये बिहारमधून निघून कलकत्त्याला 'क्लाइड' जहाजावर चढली. एकटी आणि गरोदर. मूल जहाजावरच जन्मलं. तेच लेखिकेचे आजोबा. परवान्यावरून जहाज मिळालं, गाव मिळालं, वय मिळालं. पण ती एकटी का निघाली, मुलाचा बाप कोण, हे कोणत्याच कागदात नव्हतं. लेखिकेने ते रचून सांगितलं नाही. प्रश्न प्रश्नच ठेवला, आणि तिच्यासारख्या इतर बायकांचे कागद धुंडाळून त्या काळात काय काय शक्य होतं ते मांडलं. 'कूली वुमन' हे ते पुस्तक, २०१३ चं.

आपल्या घरातही असंच काही निघू शकतं. ती विधवा होती आणि तिने दुसरं घर केलं, असं कळेल. मोठा मुलगा आधीच्या नवऱ्याचा निघेल. जातीच्या रकान्यात घरात सांगितली जाते त्यापेक्षा वेगळीच जात असेल. या शेवटच्या गोष्टीबद्दल दोन शब्द. कारकुनाने जात ऐकून, अंदाजाने किंवा चुकीच्या समजुतीने लिहिली असेल, आणि सांगणाऱ्यानेही बंदरावर पाऊल ठेवताना जुनी ओळख मागे टाकून नवी सांगितली असेल. त्या एका शब्दावर घरात भांडणं करण्यासारखं त्यात काही नाही. पण तो शब्द खोडून, झाकून वंशावळ छापायचीही गरज नाही. कागदात जे आहे ते जसंच्या तसं लिहा, घरात जे सांगतात तेही लिहा, आणि दोन्ही वेगळं ठेवा.

मात्र शोध सुरू करण्याआधी घरातल्या मोठ्यांशी एकदा बोलून घ्या. जे निघेल ते सगळ्यांना सांगायचं, की आधी फक्त आजीला? हे आधीच ठरलेलं असलं की नंतर मनं दुखावत नाहीत. दीडशे वर्षांपूर्वीच्या बाईवर आज कोणी निवाडा करायला बसू नये, एवढं पथ्य सगळ्यांनी पाळलं तरी पुरे.

या शोधाचा व्यावहारिक उपयोगही आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या असताना, भारतीय वंशाच्या सातव्या पिढीतल्या मॉरिशसवासीयांनाही ओसीआय कार्डासाठी पात्र ठरवण्याची घोषणा झाली. त्यासाठी भारतातून आलेल्या पूर्वजापर्यंत दाखल्यांची साखळी लागते, आणि ही साखळी बापाकडूनच गेली पाहिजे असा आपला समज असतो. बापाकडची कडी तुटली असेल, तर आईकडून जाऊन पाहा आणि अर्ज करण्याआधी भारतीय उच्चायुक्तालयात विचारा.

पण कार्ड मिळो वा न मिळो, ज्या बाईने चूल मांडली, ओव्या म्हटल्या, मुलांना मराठी नावं ठेवली, तिच्यामुळे त्या घरात मराठी राहिली. मॉरिशसमध्ये आज गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. ती परंपरा घराघरांतून इतक्या लांब आली. ती आणणाऱ्या बाईचं निदान नाव तरी तिच्या पतवंडांना माहीत असावं.

आणि श्रोतेहो, जे मॉरिशसचे नाहीत त्यांनाही एक काम. दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीत आपणच आता मूळ पुरुष आणि मूळ बाई आहोत. शंभर वर्षांनी कोणीतरी आपला माग काढायला निघेल. तेव्हा सुरुवातीचा कागद पुन्हा घ्या. घरातल्या प्रत्येक बाईचं माहेरचं पूर्ण नाव, लग्नात बदललं असेल तर आधीचं नाव, आईचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, आणि परदेशात आल्याची तारीख लिहा. देवनागरीत लिहा, आणि पासपोर्टवर जसं स्पेलिंग आहे तसंही लिहा. फोनमध्ये राहील या भरवशावर राहू नका. फोन पाच वर्षांत बदलतो, कागद दीडशे वर्षं टिकलेला आपण आत्ताच पाहिला. दोन प्रती काढा. एक स्वतःजवळ ठेवा, एक भारतातल्या घरी पाठवा.

उजवी बाजू भरताना जिथे अडाल, तिथे आजच फोन लावा. भारतात रात्र असेल तर उद्या सकाळी, पण लावा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.